यादीतला अर्धविराम : स्वल्पविराम पुरत नाही तेव्हा

शाळेत अर्धविरामाची ओळख बहुतेकांना एकाच प्रकारच्या वाक्यातून होते. 'ढग खूप गडगडले; पण पाऊस पडला नाही.' दोन छोटी वाक्यं, त्यांना जोडणारं 'पण', आणि 'पण'च्या आधी हे चिन्ह. नियम बरोबर आहे, पण शिकवणी तिथेच संपते. अर्धविरामाचं यादीतलं काम क्वचितच कोणी सांगतं. मला मात्र तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. 'पण'च्या आधी कोणी स्वल्पविराम दिला तरी ढग गडगडलेलेच असतात आणि पाऊस पडलेला नसतो. अर्थ जागचा हलत नाही. यादीत चिन्ह बदललं की अर्थच बदलू शकतो.

हे वाक्य पाहा :

कामासाठी तीन गट केले आहेत : लेखा, खरेदी, विक्री, प्रसिद्धी, संशोधन आणि भांडार.

विभाग सहा, गट तीन. कोण कोणाबरोबर? दोन-दोनच्या जोड्या असाव्यात असा आपण अंदाज बांधतो, पण वाक्यात तसं कुठेच म्हटलेलं नाही. आता तेच शब्द, त्याच क्रमाने, दोन रीतींनी :

लेखा, खरेदी; विक्री, प्रसिद्धी; संशोधन, भांडार.

लेखा; खरेदी, विक्री, प्रसिद्धी; संशोधन, भांडार.

पहिल्या ओळीत लेखा आणि खरेदी हे विभाग एका गटात आहेत. दुसरीत लेखा एकटा पडला आणि खरेदी विभाग विक्री व प्रसिद्धीकडे गेला. शब्द तेच राहिले, कोणी कोणाबरोबर काम करायचं ते मात्र बदललं. लिहिणाऱ्याला गट आधीच ठाऊक असतात, त्यामुळे नुसत्या स्वल्पविरामांची यादी त्याला स्पष्टच वाटते. वाचणाऱ्याच्या हातात फक्त चिन्हं असतात.

यामागचं तत्त्व साधं आहे. स्वल्पविराम यादीतल्या घटकांना वेगळं करतो. पण एखाद्या घटकाच्या पोटातच स्वल्पविराम आला, तर त्या एका चिन्हावर दोन कामं पडतात : घटकाच्या आतल्या तुकड्यांना वेगळं करणं आणि एका घटकाला पुढच्या घटकापासून वेगळं करणं. दोन्ही ठिकाणी चिन्ह सारखंच दिसत असल्याने वाचणाऱ्याला कोणतं आतलं आणि कोणतं बाहेरचं ते ओळखता येत नाही. अशा वेळी आतलं काम स्वल्पविरामाकडे ठेवायचं आणि बाहेरचं अर्धविरामाला द्यायचं. मोठ्या डब्यात छोटे डबे ठेवावेत तशी ही रचना असते. अर्धविराम मोठ्या डब्याची कड दाखवतो, स्वल्पविराम छोट्याची.

म्हणजेच आतला मजला रिकामा असेल तर अर्धविरामाचं काम नाही. 'लाल; पिवळा; निळा' असं लिहिण्याला काही आधार नाही, तिथे स्वल्पविरामच हवा. अर्धविराम दिल्याने यादी भारदस्त होते असं काहींना वाटतं, पण वाचणारा आतल्या गटांची वाट पाहत राहतो आणि ते येतच नाहीत.

दरवेळी घोटाळा अर्थाचाच असतो असंही नाही. हे पाहा :

मंगळाचे फोबोस, डिमोस, गुरूचे आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो, शनीचे टायटन, ऱ्हिया आणि नेपच्यूनचा ट्रायटन हे उपग्रह...

इथे 'मंगळाचे', 'गुरूचे' हे शब्द हद्द सांगत आहेत, त्यामुळे अर्थ शेवटी लागतो. पण डोळा प्रत्येक ग्रहापाशी अडखळतो. 'डिमोस, गुरूचे' हे एका दमात वाचून मग मागे यावं लागतं. तेच असं लिहिलं तर?

मंगळाचे फोबोस, डिमोस; गुरूचे आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो; शनीचे टायटन, ऱ्हिया; आणि नेपच्यूनचा ट्रायटन हे उपग्रह...

चार ग्रह, चार कप्पे, वाचता वाचताच मोजून होतात.

या उदाहरणातली शेवटची जागा नीट बघा. नेपच्यूनच्या घटकात उपग्रह एकच आहे, आत स्वल्पविराम नाही. तरीही त्याच्या आधी अर्धविराम आहे. हा नियम मी कडक मानतो : एका यादीत बाहेरची एक हद्द अर्धविरामाने दाखवली, तर सगळ्या बाहेरच्या हद्दी अर्धविरामानेच दाखवायच्या. ज्या घटकात गुंता आहे त्याच्यापुरताच अर्धविराम देऊन बाकीच्यांना स्वल्पविराम ठेवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती अर्धविराम अजिबात न देण्यापेक्षा वाईट. अर्धविराम नसेल तर वाचणारा निदान सावध तरी असतो. अर्धामुर्धा असेल तर तो चिन्हांवर विश्वास ठेवतो आणि फसतो.

मराठीपुरती खास बाब

इंग्रजीत या नियमाचं ठरावीक उदाहरण म्हणजे शहर आणि देश यांची यादी. पॅरिस, फ्रान्स; रोम, इटली; अथेन्स, ग्रीस. मराठीत असं लिहिता येतं, पण तशी गरज फारशी नसते, कारण आपली भाषा विशेषण आधी घेते. 'फ्रान्समधील पॅरिस, इटलीतील रोम आणि ग्रीसमधील अथेन्स' असं म्हटलं की आतला स्वल्पविराम नाहीसाच होतो आणि अर्धविरामाचं कारणही उरत नाही. व्यक्तींबाबतही तेच. 'अध्यक्षा, ज्या व्यवसायाने वकील आहेत; सचिव, जे लेखापाल आहेत' या वळणापेक्षा 'व्यवसायाने वकील असलेल्या अध्यक्षा आणि लेखापाल असलेले सचिव' हे वाक्य आपल्या कानाला सरळ वाटतं. म्हणून अर्धविराम घालण्याआधी मी आतला स्वल्पविराम घालवता येतो का ते बघतो. बऱ्याचदा येतो.

येत नाही तेव्हा सहसा घटकात एकापेक्षा जास्त माहिती असते : नाव, पद, संस्था; किंवा दिवस, वेळ, ठिकाण; किंवा नाव, विषय, वर्ष. दोन वेळा नोबेल पारितोषिक मिळालेल्या व्यक्तींची यादी घ्या :

मेरी क्युरी, भौतिकशास्त्र १९०३, रसायनशास्त्र १९११; लायनस पॉलिंग, रसायनशास्त्र १९५४, शांतता १९६२; जॉन बार्डीन, भौतिकशास्त्र १९५६, १९७२; फ्रेडरिक सँगर, रसायनशास्त्र १९५८, १९८०; बॅरी शार्पलेस, रसायनशास्त्र २००१, २०२२.

ही माहिती विशेषणं करून नावाच्या पुढे ढकलायला गेलात तर वाक्याचा जीव गुदमरेल. कंसाचा पर्याय आहे आणि घटकामागे एकच जोड-माहिती असेल तर तो मला अर्धविरामापेक्षाही बरा वाटतो : 'पॅरिस (फ्रान्स), रोम (इटली)'. पण वरच्या यादीत प्रत्येक नावापुढे कंस, कंसात स्वल्पविराम, कंसाबाहेर पुन्हा स्वल्पविराम, असं पाच वेळा झालं की पान कंसांनी भरून जातं. अशा यादीत अर्धविराम लागतोच.

मराठीतली दुसरी बाब जास्त अवघड आहे आणि व्याकरणाच्या पुस्तकांत तिच्यावर फारसं लिहिलेलं मला आढळलेलं नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीचा प्रत्यय नामाला चिकटतो. त्यामुळे यादी बहुधा वाक्याच्या मधोमध असते आणि तिच्यामागून वाक्याचं शेपूट यायचं बाकी असतं. समजा लिहायचं आहे की अमुक तिघांना पारितोषिक मिळालं :

पारितोषिक मेरी क्युरी, भौतिकशास्त्रज्ञ; लायनस पॉलिंग, रसायनशास्त्रज्ञ; आणि जॉन बार्डीन, भौतिकशास्त्रज्ञाला मिळाले.

'ला' फक्त शेवटच्या शब्दाला लागला आणि तोही नावाला नव्हे, व्यवसायाला. पहिले दोघे वाक्यात लोंबकळत राहिले. इथे यादी मिटवणारा एक शब्द हवा : यांना, यांनी, यांचा, येथे, या तिघांना, हे सर्व. 'जॉन बार्डीन, भौतिकशास्त्रज्ञ यांना मिळाले' असं केलं की 'यांना' मागच्या तिन्ही घटकांना कवेत घेतो. त्या शब्दाच्या आधी कोणतंही चिन्ह नको. अर्धविराम तर मुळीच नको, कारण तिथे पुढचा घटक सुरू होत नसून यादी संपत असते.

यादी दीड-दोन ओळींपेक्षा लांबली तर हा उपायही तोकडा पडतो. वाचणारा क्रियापदाची वाट पाहत पाच नावं आणि दहा वर्षं डोक्यात धरून बसतो. मग वाक्य आधी पूर्ण करावं आणि यादी मागून द्यावी : 'पारितोषिक पुढील व्यक्तींना मिळाले :' आणि त्यानंतर अर्धविरामांची यादी. क्रियापद कळलेलं असल्यामुळे वाचणारा निवांतपणे एकेक घटक घेतो. माझं मत विचाराल तर मराठीत अर्धविरामाची यादी शक्य तेव्हा वाक्याच्या शेवटीच ठेवावी. ती मधे असताना चिन्हं कितीही अचूक दिली तरी वाचणाऱ्याची दमछाक टळत नाही.

यादीची सुरुवात करून देणारं चिन्ह मात्र अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबं. 'लागणारे साहित्य; कागद, पेन्सिल, पट्टी' असं लिहिलेलं पुष्कळदा दिसतं आणि ते चुकीचं आहे. 'लागणारे साहित्य' हा यादीतला घटक नसून यादीचं नाव आहे. देवनागरीत अपूर्णविराम शब्दाला चिकटवला तर तो विसर्गासारखा दिसतो, म्हणून त्याच्या आधी थोडी जागा सोडण्याची पद्धत आहे. अर्धविरामाला ही अडचण नाही. तो शब्दाला चिकटून येतो आणि जागा त्याच्या नंतर सोडायची.

'आणि'चं काय करायचं?

साध्या यादीत शेवटच्या घटकाआधी 'आणि' आला की मराठीत स्वल्पविराम देत नाहीत : 'लाल, पिवळा आणि निळा'. मग अर्धविरामाच्या यादीतही 'आणि'च्या आधीचं चिन्ह गाळायचं का? मी गाळत नाही. कारण या यादीत 'आणि' घटकाच्या आतही येऊ शकतो. 'शनीचे टायटन आणि ऱ्हिया आणि नेपच्यूनचा ट्रायटन' यातला पहिला 'आणि' आतला आहे, दुसरा बाहेरचा. दुसऱ्याआधी अर्धविराम असला की प्रश्न मिटतो. वाटलं तर बाहेरचा 'आणि' सरळ गाळावा. अर्धविरामाने हद्द दाखवलेलीच असते, त्यामुळे तो नसल्याने काही अडत नाही.

इथे मराठी एक सोय देते. आपल्याकडे 'आणि' आहे आणि 'व'ही आहे. आतल्या जोड्यांना 'व' आणि बाहेरच्या जोडणीला 'आणि' वापरलं तर दोन मजले शब्दांनीच वेगळे होतात : 'शनीचे टायटन व ऱ्हिया; आणि नेपच्यूनचा ट्रायटन'. हा संकेत सगळे पाळत नाहीत, त्यामुळे एकट्या 'व'वर भिस्त ठेवू नये. अर्धविरामाच्या जोडीला मात्र तो छान काम करतो.

विशेषणाची हद्द हाही असाच एक कोपरा. '१९५०पूर्वीची पुस्तके, नियतकालिके, नकाशे आणि छायाचित्रे जमा करावीत.' अट फक्त पुस्तकांना की चारही गोष्टींना? मराठीत विशेषण पुढच्या सगळ्या नामांवर पसरू शकतं. '१९५०पूर्वीची पुस्तके, नियतकालिके; नकाशे, छायाचित्रे' असं लिहिलं तर अर्धविराम त्या पसरण्याला बांध घालतो. पण नियमावली, करार, सूचना अशा कागदांत मी एवढ्यावर थांबणार नाही. तिथे क्रमच बदलावा : 'नकाशे, छायाचित्रे तसेच १९५०पूर्वीची पुस्तके व नियतकालिके'. बिनअटीचे घटक आधी घेतले की अट मागे पसरूच शकत नाही. छपाईत एक टिंब पुसट झालं तर अर्धविराम स्वल्पविरामासारखा दिसू लागतो, शब्दांचा क्रम मात्र पुसला जात नाही.

हाच नियम इतरत्र

अर्धविरामाला आजचं रूप आणि काम पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियस याच्या छापखान्यात मिळालं. ग्रीक लिपीत हीच आकृती प्रश्नचिन्ह म्हणून वापरतात, आणि अरबीत तिची उलटी आकृती चालते. मोडीत अशी विरामचिन्हं नव्हती. मराठीत ती एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर रुळली, आणि मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. म्हणजे हे चिन्ह आपल्याकडे तसं नवं आहे, आणि त्याचा वापर आपण अजून ठरवतोच आहोत.

दोन मजल्यांचं तत्त्व भाषेपुरतं नाही, हे मला फार आवडतं. जर्मनी, फ्रान्स अशा अनेक देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात. साडेतीन म्हणजे ३,५. मग ३,५ आणि ४,२ या आकड्यांची यादी स्वल्पविरामाने कशी करणार? ते '३,५; ४,२; ७,१' असं लिहितात. तिथल्या संगणकांवर एक्सेलच्या सूत्रातले घटकही त्यामुळे अर्धविरामानेच वेगळे होतात. आपल्याकडे हजार-लाखांचे गट स्वल्पविरामाने पाडतात, म्हणून '१,२००; ३,४५०; १,२५,०००' हीच मांडणी स्वच्छ. आउटलुकमध्ये ईमेल पाठवताना पत्त्यांच्या मधे अर्धविराम येतो, कारण नावं 'आडनाव, नाव' अशी लिहिलेली असू शकतात आणि आतला मजला आधीच व्यापलेला असतो. मॅटलॅब या गणिती प्रणालीत [१, २; ३, ४] असं लिहिलं की दोन ओळींची सारणी तयार होते : स्वल्पविराम ओळीतल्या आकड्यांना वेगळं करतो, अर्धविराम ओळ मोडतो.

शोधनिबंधांतल्या संदर्भांचंही तेच. '(अमुक १९९८, २००४; तमुक २०१०)' यातली पहिली दोन वर्षं एकाच लेखकाची आहेत हे कोणी सांगावं लागत नाही. बायबलमधली वचनं '५:३, ९; ६:१२' अशी देतात. पाचव्या अध्यायातलं तिसरं आणि नववं वचन, मग सहाव्यातलं बारावं. शब्दकोशांतही जवळजवळच्या प्रतिशब्दांमध्ये स्वल्पविराम आणि अर्थाची छटा बदलली की अर्धविराम अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ती ठाऊक नसेल तर कोशातली नोंद समानार्थी शब्दांची सरसकट माळ वाटते.

कधी थांबावं

अर्धविराम एकच मजला वाढवतो. त्याच्या वर आणखी एक मजला हवा असेल तर आपल्याकडे चिन्ह नाही, कारण त्याच्यापुढे पूर्णविराम आहे आणि तो वाक्यच संपवतो. गटात उपगट आणि उपगटात पुन्हा तुकडे असतील तर ती माहिती वाक्याची नाही, तक्त्याची आहे. घटकांची संख्या सात-आठच्या वर गेली तरीही मी ओळी पाडतो.

ओळी पाडल्यावर प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा का, हा प्रश्न नेहमी येतो. कायद्याच्या भाषेत देतात, कारण तिथे सगळी यादी मिळून एकच वाक्य असतं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४५च्या सनदेतलं पहिलं कलम बघा. त्यातल्या चार उद्देशांपैकी पहिल्या तिन्हींच्या आत स्वल्पविराम आहेत. इंग्रजी मसुद्यात पहिल्या दोन उद्देशांनंतर अर्धविराम येतो, तिसऱ्यानंतर अर्धविराम आणि 'अँड', चौथ्यानंतर पूर्णविराम. इथला 'अँड' जोखमीचा आहे : चारही उद्देश एकत्र लागू आहेत, त्यांतला कुठलाही एक निवडायचा नाही, हे तो सांगतो. त्याच जागी 'किंवा' असता तर कलमाचा अर्थ फिरला असता. म्हणून नियमावलीतल्या यादीत शेवटून दुसऱ्या घटकानंतर 'आणि' आहे की 'किंवा' हे लिहिणाऱ्याने दोनदा तपासावं, आणि वाचणाऱ्यानेही सर्वांत आधी तेच शोधावं.

रोजच्या लिखाणात ओळी पाडल्या असतील आणि प्रत्येक ओळीत दोन-चार शब्दच असतील तर शेवटी काहीच नको. नवी ओळ हीच हद्द. ओळीत पूर्ण वाक्यं असतील तर प्रत्येकाला पूर्णविराम द्यावा. आणि एखाद्या घटकाच्या पोटातच पूर्णविराम आला, म्हणजे त्यात दोन वाक्यं झाली, तर त्या यादीत अर्धविराम टिकूच शकत नाही. आतलं चिन्ह बाहेरच्यापेक्षा मोठं झालं की सगळी उतरंड कोसळते. अशा वेळी त्या घटकाची दोन वाक्यं एक करता येतात का बघावं. नाहीच झाली, तर यादी मोडून त्या मजकुराचा साधा परिच्छेद लिहावा.